मांजराची शुगर खालीच येईना, इन्सुलिन घरच्या घरी वाढवू का?

सायली_मनीषनगर

नमस्कार, आमचा गबरू, बोका, देशीच आहे, नऊ वर्षांचा, नसबंदी झालेली. एके काळी साडेसहा किलोचा गोळा होता तो आता पाच किलोच्या थोडा वर उरलाय. उन्हाळ्यात पाणी खूप प्यायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं नागपूरचा मे महिना आहे, इथे माणसं माठच्या माठ रिकामे करून राहिली तर मांजर नाही का पिणार. पण मग लिटर बॉक्समध्ये मोठमोठे ओले गोळे निघायला लागले, खाणं वाढलं तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला, आणि मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला तेव्हा मात्र डॉक्टरकडे नेलं. शुगर ४६० निघाली. लघवीत साखर होती, किटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) नव्हते.

डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन सुरू केलं, सकाळी सातला एक युनिट, संध्याकाळी सातला एक युनिट, आणि म्हणाले दोन आठवडे काही बदलू नका, मग बघू. घरी सासूबाईंचं ग्लुकोमीटर आहे त्यावर मी इंजेक्शन द्यायच्या आधी रोज तपासून राहिले आणि आकडे येतात ३९०, ३७०, ४०५, ३८५ असेच. म्हणजे औषध लागूच नाही पडून राहिलं असं वाटतं. नणंदेचे मिस्टर स्वतः ग्लार्जिन घेतात, ते म्हणतात दोन युनिट वाढव, तीन दिवसांनी परत पाहून परत दोन, मलाही असंच चढवत नेलं होतं. डॉक्टर सध्या बाहेरगावी आहेत, फोनवर म्हणाले घाई नको, पण रोज सकाळी ३९० पाहून जीव कासावीस होतो हो. निदान एकाचे दोन तरी करू का? तुम्ही लोक घरी डोस कमी-जास्त कसा करता?

बुटीबोरीचा_बोकेवाला

सायलीताई, थांबा. वाढवू नका.

तुमच्याकडे जे आकडे आहेत ते सगळे इंजेक्शनच्या आधीचे आहेत, म्हणजे मागच्या डोसचा असर उतरून गेल्यावरचे. त्यावरून एवढंच कळतं की असर संपलाय. मधल्या वेळात शुगर किती खाली गेली होती ते त्यात दिसतच नाही आणि मांजराचा डोस ठरतो तो त्या सगळ्यात खालच्या आकड्यावर. सकाळी ३९० आणि दुपारी २८० असेल तर डोस कमी पडतोय, सकाळी ३९० आणि दुपारी ६० असेल तर डोस जास्त होतोय, सकाळचा आकडा दोन्हीकडे तोच! नणंदेच्या मिस्टरांचं त्यांच्यापुरतं बरोबरच आहे. माणसाच्या अंगात ग्लार्जिन साधारण चोवीस तास जवळजवळ सपाट चालतं म्हणून उपाशीपोटीची शुगर पाहून चढवता येतं. मांजरात तेच औषध दहा-बारा तासांत आटोपतं आणि मध्ये चांगला खड्डा पडतो. त्यात ते असतील सत्तर-ऐंशी किलोचे, गबरू पाचचा. एकाचे दोन म्हणजे डोस सरळ दुप्पट झाला, ही काही किरकोळ वाढ नाही. मांजरात बदल करायचा तर अर्धा युनिट, फार तर एक, आणि मग आठवडाभर तरी हात लावायचा नाही कारण ग्लार्जिनला जम बसायलाच काही दिवस लागतात.

त्यामुळे एक सुट्टीचा दिवस काढा आणि कर्व्ह करा. सकाळी इंजेक्शनच्या आधी एक, मग दर दोन तासांनी एक, संध्याकाळच्या इंजेक्शनपर्यंत. खाणं नेहमीच्याच वेळेला नेहमीएवढंच द्या, त्या दिवशी लाड नकोत. वहीत वेळ, आकडा, काय खाल्लं, सगळं लिहा आणि तो कागद डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅप करा. फोनवर "जास्तच येते हो शुगर" म्हटल्यावर कोणता डॉक्टर डोस सांगेल?

आता कानाचं. तुम्ही रोज दोनदा टोचता म्हणजे जमलेलं दिसतं तरी वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते, मोबाईलचा टॉर्च मागून लावला की लाल रेघ दिसते. त्या शिरेत नाही टोचायचं, शीर आणि कड यांच्या मधल्या जागेत टोचायचं. आधी कान गरम पाहिजे, मी जुन्या मोज्यात तांदूळ भरून गाठ मारलीय, तो मायक्रोवेव्हमधून काढून आधी स्वतःच्या गालाला लावून पाहतो मग त्याच्या कानाला. मागच्या बाजूने कापसाची घडी धरायची नाहीतर लॅन्सेट पार होऊन आपल्याच बोटात जातं. कानाला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात मारला की थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो आणि स्ट्रिप तो पटकन ओढून घेते. मग तीसेक सेकंद दाबून धरा, नाहीतर कान निळा पडतो. आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. आमचा आता मोजा बघितला की स्वतःच येऊन बसतो, चिकनसाठी, माझ्या प्रेमाने नाही.

निवृत्त_सिस्टर_धंतोली

मी माणसांची सिस्टर होते, मांजरांचं मला फार कळत नाही, पण सायली बाळा एक गोष्ट आत्ता उठून पाहा. सिरिंजचं टोपण कोणत्या रंगाचं आहे?

आपल्याकडे दोन प्रकारची इन्सुलिन मिळतात. साध्या ह्यूमन इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० वाल्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, त्याची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन येतं १०० वालं, एका मिलीत १०० युनिट, त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज. मेडिकलवाल्याला नुसतं "इन्सुलिनची सुई द्या" म्हटलं तर हाताशी असेल ती देतो, त्याचा दोष नाही, त्याला काय माहीत बाटली कोणती आहे. पण लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ग्लार्जिन एका रेघेपर्यंत भरलं तर त्यात अडीच युनिट जातात! माणसाला अडीच म्हणजे काहीच नाही, पाच किलोच्या जिवाला फार झालं.

आणि नारिंगी असली तरी रेघा मोजा. एक मिलीची मोठी १०० युनिटवाली सिरिंज असेल तर तिच्यावर एक रेघ म्हणजे दोन युनिट असतात, एक युनिट म्हणजे दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी अंदाजाने. असं अंदाजाने नको. ०.३ मिलीची बारीक सिरिंज मिळते, ३० युनिटची, ती आणा. त्यातही अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं. लगेच नसली तरी दुकानदार मागवून देतात.

वऱ्हाडी_गडी

मी तं म्हणतो मेथीचं पानी पाजून पाहा थोडं, माह्या बाबाची शुगर त्यानंच खाली आली होती. आन् बोका एवढा दांडगा होता तं एक युनिट वाढवल्यानं का होनार हाय? काऊन एवढं टेन्शन घेता बाप्पा.

निवृत्त_सिस्टर_धंतोली

मेथीचं पाणी तुमच्या बाबांनी गोळ्यांसोबत घेतलं असेल, श्रेय मेथीला मिळालं. मांजराला नको ते पाजू नका, तोंडातून फेस काढेल नुसता. आणि एक युनिटने काय होतं ते माणसातसुद्धा पाहिलंय मी रात्रपाळीत, म्हणून सांगते.

वऱ्हाडी_गडी

बरं मावशी, मागे घेतलं 🙏

व्हेट_सेमिनरीहिल्स

मी व्हेट आहे, सेमिनरी हिल्सच्या आपल्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलो. गबरूला मी तपासलेलं नाही त्यामुळे किती युनिट द्या हे सांगणार नाही, ते त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण वरच्या चर्चेत थोडी भर घालतो.

बोकेवाले भाऊ म्हणतात ते बरोबर आहे, डोस ठरतो खालच्या आकड्यावर. कर्व्हमध्ये तो साधारण ८० ते १५० च्या मध्ये असावा असं आम्ही पाहतो. तो १५० च्या वरच राहत असेल तर डोस वाढवायचा विचार, ८० च्या खाली जात असेल तर कमी करायचा, ६० च्या खाली गेला तर हायपो, म्हणजे शुगर धोक्याइतकी खाली, तिथे विचार करत बसायचं नाही. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतं, त्यामुळे मीटरवर ६५ दिसले तर खरी शुगर कदाचित जास्त असेल, पण तुम्ही मात्र मीटरवरच विश्वास ठेवा आणि खायला घाला, चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते. मीटर एकच ठेवा. आज सासूबाईंचं, उद्या शेजारच्या काकांचं असं केलं तर तुलनाच होत नाही. घरचा कर्व्ह क्लिनिकपेक्षा चांगला असंही म्हणेन मी, कारण मांजर घाबरलं की नुसत्या भीतीने शुगर तीनशेच्या वर जाऊ शकते, डायबेटीस नसलेल्या मांजराचीसुद्धा. म्हणून तर शंका आली की आम्ही फ्रुक्टोसामीनची रक्तचाचणी पाठवतो, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते, एका घाबरलेल्या सकाळची नाही.

आता माझे प्रश्न. गबरूला मागच्या काही महिन्यांत स्टिरॉइड दिलं होतं का? खाजेसाठी, दम्यासाठी, हिरड्यांसाठी, कशासाठीही, गोळी किंवा इंजेक्शन? तोंडाला वास येतो का, लाळ गळते का? लघवीचं कल्चर झालंय का? दात किडलेत, मूत्रमार्गात इन्फेक्शन आहे, स्वादुपिंडाला सूज आहे, यातलं काहीही असलं तरी इन्सुलिन दबून राहतं आणि आपण नुसते युनिट वाढवत बसतो. आणि तो खातो काय?

हायपोचं सगळ्यांनीच लक्षात ठेवा. अचानक खा खा सुटणं किंवा उलट गप्प पडून राहणं, चालताना झोक जाणं, बुबुळं मोठी, अंगाला झटके, शेवटी फिट. शुद्धीवर असेल तर आधी खायला द्या, खात नसेल तर मध किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घट्ट कालवून हिरड्यांना चोळा. फिट आलेली असताना तोंडात चमच्याने काही ओतू नका, फुप्फुसात जातं, आणि बोट दातांच्या मध्ये घालू नका. हिरडीला चोळलं की टोपलीत घालून दवाखाना. बरं वाटलं म्हणून घरी थांबायचं नाही कारण इन्सुलिन अजून अंगात आहे आणि मध तासाभरात संपतो.

सायली_मनीषनगर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

सिस्टरकाकू, टोपण नारिंगीच आहे, आत्ताच उठून पाहिलं, ५० युनिटची आहे, एक रेघ एक युनिट. हुश्श.

डॉक्टर, हो, स्टिरॉइड दिलं होतं. हिरड्या लाल व्हायच्या आणि खाताना ओरडायचा म्हणून आधी जिथे नेत होतो तिथे लांब असर राहणारं इंजेक्शन द्यायचे, हिवाळ्यापासून अधूनमधून दिलंय, शेवटचं एप्रिलमध्ये. त्याने शुगर वाढते हे कुणी बोललं नव्हतं. तोंडाला वास येतो, हो. खातो ड्राय फूड, दिवसभर वाटी भरलेली असते, आणि वरून ग्रेव्हीचं पाऊच.

रविवारी कर्व्ह केला. गबरू दिवाणाखाली जाऊन बसला होता, दर दोन तासांनी मी आणि मुलगी पालथ्या पडून त्याला बाहेर काढून राहिलो होतो, कूलर बंद ठेवला होता कारण त्याच्या आवाजाने तो अजून आत सरकतो, म्हणजे आमची वाफ निघाली. आकडे असे:

सकाळी ७ ला ३९२, इंजेक्शन दिलं. ९ ला ३१५. ११ ला १९०. दुपारी १ ला ९६. ३ ला ११८. ५ ला २४५. संध्याकाळी ७ ला ३७१.

दीडला मुलगी म्हणाली आई मीटर बिघडलं, ९६ कसं येईल, म्हणून दुसऱ्या कानातून परत घेतलं, १०१ आलं. म्हणजे एवढं खाली जात होतं आणि मला पत्ताच नाही?

बुटीबोरीचा_बोकेवाला

बघा! आणि याच्यावर तुम्ही दोन युनिट देणार होता. एकाच युनिटात ९६ ला जातोय, दोनने कुठे गेला असता ते सांगायला नको, आणि ते पण दुपारी, घरी कुणी नसताना.

माझं मत विचाराल तर सकाळचे ३९० हे रिबाउंड असावेत. शुगर फार खाली गेली की शरीर घाबरून लिव्हरमधली साखर बाहेर फेकतं आणि आकडा वर जातो. आमच्या बोक्याचं असंच होतं असं मला तरी वाटतं, डोस कमी केला तेव्हा सकाळचे आकडे उतरले.

व्हेट_सेमिनरीहिल्स

रिबाउंडवर मी तुमच्याशी सहमत नाही भाऊ. पूर्वी आम्हीही प्रत्येक उंच आकड्याला तेच नाव द्यायचो, पण ग्लार्जिनवरच्या मांजरांत ते खरोखर सापडतं फार क्वचित. ९६ ही काही शरीराने घाबरावं अशी पातळी नाहीच, ते तर आपल्याला हवं असलेलं ठिकाण आहे. इथे सरळ दिसतंय की औषधाचा असर आठ-नऊ तासांत ओसरतोय आणि उरलेल्या वेळात वाटीभर ड्राय फूड आपलं काम करतंय. तुमच्या बोक्याचे आकडे डोस कमी केल्यावर का उतरले त्याची दुसरी कारणंही असू शकतात. पण निष्कर्ष दोघांचाही एकच, या कर्व्हवर डोस वाढवायचा नाही.

सायलीताई, हा कर्व्ह आजच डॉक्टरांना पाठवा आणि स्टिरॉइडचं आवर्जून सांगा, आधीचा दवाखाना वेगळा होता म्हणजे त्यांना कदाचित माहीतच नसेल. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लांब असराचं स्टिरॉइड अंगात कित्येक आठवडे राहतं आणि तोवर शरीर इन्सुलिनला जुमानत नाही. एप्रिलचा असर आता उतरत असणार. म्हणजे गबरूची इन्सुलिनची गरज पुढे वाढायची नाही, कमी व्हायची शक्यता जास्त. आज जो डोस ९६ ला आणतो तोच महिन्याभराने ५० ला आणू शकतो. हिरड्यांसाठी पुन्हा तेच इंजेक्शन मात्र नको, दातांचं काय करायचं ते वेगळं ठरवा, वाईट दात काढले की शुगरही सुधारते असं खूपदा होतं.

खाण्याचं. ड्राय फूडच्या पाकिटावर कार्बोहायड्रेट लिहिलेलंच नसतं, ते काढावं लागतं. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख वजा करा. समजा ३२, १०, ४, १० लिहिलंय, राख लिहिलेली नसली तर ८ धरा, उरले ३६. म्हणजे वाटीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग पिष्ट. डायबेटीसच्या मांजराला एकूण कॅलरीपैकी साधारण १२ टक्क्यांच्या आत कार्ब पाहिजे. ग्रेव्हीवाल्या पाऊचमध्ये रस घट्ट करायला पीठ असतं, त्यापेक्षा लगद्यासारखं दाबलेलं ओलं अन्न बरं. नुसतं उकडलेलं चिकन रोजचं पूर्ण अन्न होत नाही, टॉरीन आणि कॅल्शियम कमी पडतं, काही दिवस चालेल पण कायमचं नको.

पण, आणि हा पण मोठा आहे, खाणं एकदम बदलू नका. डोस तोच ठेवून ड्राय बंद केलं तर पोटातून येणारी साखर थांबते आणि इन्सुलिन तेवढंच राहतं, मग हायपो. आठवड्याभरात थोडं थोडं बदला, रोज दुपारचा आकडा घ्या आणि डॉक्टरांना कळवत राहा. उलट बाजूने, खाल्लंच नाही किंवा उलट्या होताहेत तर इंजेक्शनच्या आधी फोन. नुसतं बंद करून बसायचं नाही, किटोन वाढतात. किटोनच्या लघवीच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, एक डबी घरी असू द्या.

मिनू_ची_आई_रामदासपेठ

मध्येच विचारते, गोळी नाही का मिळत यावर? आम्हाला मिनूला सुई टोचायची म्हणजे दोघांनी धरून तिसऱ्याने रडायचं असा प्रकार असतो. परदेशात मांजरांसाठी गोळी निघाली असं वाचलं.

व्हेट_सेमिनरीहिल्स

निघाली आहेत. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी मंजूर झाली आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिनचं तोंडाने द्यायचं द्रव औषध. दोन्ही जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. पण ज्या मांजराला आधी इन्सुलिन दिलंय त्याला ती चालत नाहीत, त्यामुळे गबरूचा प्रश्नच मिटला. मिनूला अजून इन्सुलिन सुरू नसेल तरी ती सोपी म्हणून घेण्यासारखी नाहीत, शुगर नॉर्मल दिसत असतानाही किटोअ‍ॅसिडोसिस (किटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो आणि तो जीवघेणा असतो, म्हणून आधी तपासण्या आणि नंतरही लक्ष लागतं. माणसांसाठीच्या याच प्रकारच्या गोळ्या घरात असतील तर त्यांचा तुकडा करून मांजराला द्यायचा विचारसुद्धा करू नका.

सुईचं म्हणाल तर बहुतेक मांजरांना इन्सुलिनची बारीक सुई कळतही नाही, त्यांना धरणं आवडत नाही. धरू नका. खायला द्या, खाताना मानेमागची किंवा बाजूची कातडी तंबूसारखी उचला आणि द्या.

बुटीबोरीचा_बोकेवाला

आणि दिल्यावर तिथे बोट फिरवून पाहायचं. केस ओले लागले आणि बोटाला दवाखान्यासारखा वास आला तर इन्सुलिन कातडीतून पार होऊन केसांवर गेलंय. तरी परत द्यायचं नाही! किती आत गेलं, किती बाहेर, ते कुणालाच माहीत नसतं. पुढच्या वेळेपर्यंत शुगर वर राहील, राहू दे. एक दिवस ४०० राहिल्याने मांजर मरत नाही, एक तास ३० राहिल्याने मरू शकतं.

ज्यांना दर दोन तासांनी टोचणं जमत नाही त्यांच्यासाठी माणसांचा सेन्सर पण आहे, फ्रीस्टाइल लिब्रे. पाठीवर किंवा छातीच्या बाजूला केस काढून चिकटवतात, मोबाईल किंवा रीडर जवळ नेला की आकडा. माणसाला चौदा दिवस चालतो, आमच्याकडे त्याच्या आधीच उपटून टाकला, तरी दुपार, रात्र सगळं दिसलं. स्वस्त नाही आणि पहिल्या दिवसाचे आकडे जरा इकडेतिकडे असतात, ४० च्या खाली आणि ५०० च्या वर तो मोजतही नाही. फारच खालचा आकडा दिसला तर एकदा कानातून खात्री करा, पण मध हातात घेऊन.

प्रतापनगरची_नीलू

इन्सुलिन फ्रिजमध्ये कुठे ठेवता सगळे? आमच्याकडे नवतप्यात लाइट गेली की तास-तास येत नाही.

निवृत्त_सिस्टर_धंतोली

मधल्या कप्प्यात, दरवाज्यात नको, दार उघडलं की गरम हवा आधी तिथेच लागते. फ्रीझरला चिकटून तर अजिबात नको, एकदा गोठलं की फेकायचं, वितळल्यावर दिसतं तसंच पण कामाचं राहत नाही. २ ते ८ डिग्री पाहिजे. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज तासाभरात काही गरम होत नाही. फार वेळ गेली तर माठाजवळच्या गार कोपऱ्यात ओल्या फडक्याच्या डब्यात ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं किंवा तंतू दिसले तर नवीन आणा. ते हलवायचं नसतं बरं का, ढवळून पांढरं करायचं ते दुसरं इन्सुलिन. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून कुणी सीताबर्डीला खरेदीला जाऊ नका, आपल्या उन्हात ते शिजतं.

सायली_मनीषनगर

बऱ्याच दिवसांनी लिहून राहिले. कर्व्ह पाठवला, डॉक्टरांनी डोस तोच ठेवला आणि म्हणाले बरं झालं वाढवलं नाही. खाणं हळूहळू ओल्यावर आणलं, वाटी उचलली, त्यावरून घरात मोठं भांडण, सासूबाई म्हणतात उपाशी मारतेस. मागचे दोन दात काढले. पाणी पिणं कमी झालंय आणि परवा चक्क खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारली, पाय अजून थोडे टेकतात पण आधीसारखे नाही.

आता नवीनच झालं. काल सकाळी इंजेक्शनच्या आधी १४२! अर्ध्या तासाने परत घेतलं, खायला न देता, १३८. इंजेक्शन दिलं नाही, डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले शाब्बास, सकाळचं सोडा आणि संध्याकाळपासून अर्धा युनिट, तेही आधीची शुगर २०० च्या वर असेल तरच, नाहीतर मला फोन. दोन आठवड्यांनी फ्रुक्टोसामीन करू, कदाचित इन्सुलिन सुटेलही म्हणतात. नणंदेच्या मिस्टरांना सांगितलं तर म्हणे माझं का नाही सुटत.

पण माझ्या सिरिंजवर अर्धा युनिट दिसतच नाही. सिस्टरकाकू, काय करू?

व्हेट_सेमिनरीहिल्स

छान बातमी. मांजरांत हे होतं, विशेषतः लवकर पकडलं आणि स्टिरॉइडसारखं कारण निघून गेलं तर. सुटलं तरी महिन्यातून एखाद-दोन वेळा शुगर पाहत राहा आणि वजन वाढू देऊ नका, काहींना ते परत येतं. आणि यापुढे कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा, याला स्टिरॉइड नको.

निवृत्त_सिस्टर_धंतोली

अगं सांगितलं होतं ना, ०.३ मिलीची, अर्ध्या रेघांची आण. धंतोलीत मोठ्या मेडिकलमध्ये विचार, खोक्यावर ३० युनिट आणि अर्ध्या युनिटच्या खुणा लिहिलंय का ते स्वतः वाच, काउंटरवरच्या पोराच्या शब्दावर जाऊ नकोस, आणि नारिंगी टोपण. भरताना आधी जरा जास्त ओढ, सुई वर करून टिचकी मार, बुडबुडा गेला की दट्ट्याची वरची कड रेघेवर आण, उजेडात, चष्मा लावून. एवढ्याशा डोसमध्ये बारीक बुडबुडासुद्धा अर्धं औषध खातो. भरलेली सिरिंज डोळ्यासमोर धरलेला फोटो इथे टाक, मी पाहून सांगते.